विश्वाची उत्पत्ती आणि उसने दाखले

हे विश्व कोठून आले, केव्हा आले आणि ते कोणी आणले, हे प्रश्न ज्या देशातील मनुष्याने विचारले नाहीत असा देश नाही. बायबलाने सहा दिवसांची सृष्टी सांगितली. आमच्या पुराणांनी विष्णूच्या नाभिकमलातून निघालेल्या ब्रह्मदेवाची कथा सांगितली. या कथांशी आमचे आज भांडण नाही. ज्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती, त्यांनी आकाशाकडे पाहून कल्पनेच्या बळावर जे रचले, ते कवित्व म्हणून आजही मनोहर आहे. आमचे भांडण आहे ते एका नव्या व्यवहाराशी. प्रवचनाच्या मंडपात, शाळेच्या बक्षीससमारंभात आणि हल्ली सकाळसंध्याकाळ मोबाइलवर एक वाक्य मोठ्या अभिमानाने फिरत असते: शास्त्रज्ञांस जे आज कळले, ते आमच्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वयही तेवढेच, मग आणखी पुरावा तो कोणता हवा?

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. तेव्हा भावनेने न बोलता हिशेबानेच बोलू. चार युगांचे मिळून एक महायुग, त्याची वर्षे ४३ लक्ष २० हजार. अशी हजार महायुगे म्हणजे एक कल्प, तोच ब्रह्मदेवाचा दिवस. त्याची वर्षे ४३२ कोटी, हे खरे. परंतु हा दिवस अद्याप मावळलेला नाही, हे सांगावयास वक्ते विसरतात. प्रत्येक पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आपण काय म्हणतो ते आठवावे. कल्पातील चौदा मन्वंतरांपैकी सातवे चालू आहे आणि त्यातील अठ्ठाविसावे कलियुग चालू आहे, असे भटजी आपल्याकडून वदवून घेतात. या मोजणीप्रमाणे कल्पाच्या आरंभापासून आजवर सुमारे १९७ कोटी वर्षे झाली. आता पृथ्वीचे वय पाहा. क्लेअर पॅटर्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उल्कापाषाणांतील शिशाच्या निरनिराळ्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून १९५६ साली ते सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले, आणि पुढील शोधांनी त्या आकड्यास बळकटीच आली. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. म्हणजे १९७ चा मेळ ना ४५५ शी, ना १३८० शी. मेळ बसविण्यासाठी अजून न सरलेला दिवस सरला असे समजावे लागते, आणि उरलेल्या तेवीस कोटी वर्षांच्या फरकाकडे डोळेझाक करावी लागते. शिल्लक आधी ठरवून मागाहून रोजमेळात रकमा भरणाऱ्या मुनिमास आमचे व्यापारी बंधू किती दिवस पेढीवर ठेवतील?

यात आमच्या पूर्वजांची अप्रतिष्ठा होते असे कोणी समजेल, तर ते उलट आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये आपल्या ग्रंथांत कल्पाचाच आकडा घेतला, तो गणिताच्या सोयीसाठी. एवढा मोठा काळ घेतला म्हणजे त्यात सर्व ग्रहांच्या प्रदक्षिणा पूर्णांकांत बसविता येतात आणि अपूर्णांकांचा त्रास वाचतो. ती कुशल गणित्याची युक्ती होती. खडक तपासून काढलेले ते पृथ्वीचे वय नव्हे, आणि तसा दावा त्या गणित्यांनी केलाही नाही. इतकेच नव्हे, तर ज्या भास्कराचार्यांचे नाव आज उठल्यासुटल्या पुढे केले जाते, त्यांनी पुराणातील भूवर्णनास आपल्या गोलाध्यायात साफ नकार दिलेला आहे. पृथ्वीस शेषाचा आधार आहे म्हणता, तर शेषास कोणाचा? त्याच्याही खाली आणखी कोणी असेल, तर त्यास कोणाचा? शेवटी कोणीतरी एक स्वतःच्या शक्तीने स्थिर आहे असे मानावेच लागणार. मग ते पृथ्वीबद्दलच का मानू नये? हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरात बसून एका ब्राह्मण ज्योतिष्याने हा प्रश्न निर्भयपणे विचारला. आज तोच प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने सभेत विचारला तर त्यास खाली बसविण्यात येईल.

हा वाद मराठीस नवा नाही. भोपाळजवळच्या सिहोर येथे सुबाजी बापू या शास्त्र्यांनी १८३६ साली 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ लिहिला आणि पुराणांचे, ज्योतिषसिद्धान्तांचे व कोपर्निकसचे मत शेजारी ठेवून पुराणांचे भूगोलवर्णन टिकत नाही असे दाखविले. त्यावर उत्तर निघाले, त्याचे नावच 'अविरोधप्रकाश'! पुराणे व सिद्धान्त यांत विरोधच नाही, अशी त्याची भूमिका. जवळजवळ एकशेनव्वद वर्षे लोटली. सिद्धान्तांच्या जागी आधुनिक विज्ञान आले, पण विरोधच नाही असे दाखविण्याची खटपट मात्र आहे तशीच आहे.

परंतु ही खोड आमच्याच अंगची आहे असे मानणे अन्यायाचे होईल. विश्व एका अतिघन अवस्थेपासून प्रसरण पावत आले, हा जो आजचा महास्फोटाचा सिद्धान्त, त्याचा एक आद्य प्रवर्तक बेल्जममधील कॅथलिक पाद्री होता. त्याचे नाव जॉर्ज लमेत्र. १९२३ साली त्याने दीक्षा घेतली, आणि १९२७ साली दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत त्याचे कारण विश्वाचे प्रसरण होय, असे गणिताने मांडले. १९२९ साली हबल याने दीर्घिकांची अंतरे व त्यांचे वेग यांचा संबंध वेधांनी प्रसिद्ध केला. १९३१ साली लमेत्रने पुढचे पाऊल टाकले आणि सर्व विश्वाचा आरंभ एका 'आदिम अणू'पासून झाला असावा, अशी कल्पना मांडली. एका धर्मगुरूनेच विश्वाला आरंभ आहे असे म्हटल्यावर रोममध्ये आनंद झाला नसता तरच नवल. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले आणि आधुनिक विज्ञानाने सृष्टीच्या आरंभाची, म्हणून सृष्टिकर्त्याचीही साक्ष दिली, अशा अर्थाचे उद्गार काढले.

येथे जे घडले ते आमच्या वक्त्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे. या भाषणाने लमेत्र हर्षित झाला नाही, अस्वस्थ झाला. आपल्या धर्माचा सर्वोच्च आचार्य आपल्याच सिद्धान्ताची पाठ थोपटीत असता, ती पाठ काढून घेण्याचा प्रयत्न त्याने केला. त्याचे म्हणणे स्पष्ट होते: हा सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे, ईश्वर मानणारा व न मानणारा अशा दोघांसही तो सारखाच मोकळा ठेवतो. पुढील वर्षी रोममध्ये ज्योतिर्विदांपुढे बोलताना पोपमहाशयांनी तो मुद्दा पुन्हा तसा काढला नाही. लमेत्रची श्रद्धा कमी होती असे कोणी म्हणू शकणार नाही. तो मरेपर्यंत पाद्री होता. परंतु आज वेधांवर उभा असलेला सिद्धान्त उद्याच्या वेधांनी पडू शकतो, हे त्यास ठाऊक होते. श्रद्धा अशा खांबास बांधली, तर खांब पडेल त्या दिवशी तिचे काय व्हावयाचे?

आणि खांब पडण्याचा संभव तेव्हा खरोखरच होता. १९४८ साली हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी विश्वाला आरंभच नाही असा स्थिरस्थिती सिद्धान्त पुढे आणला. 'महास्फोट' या अर्थाचा इंग्रजी शब्दही हॉइलनेच १९४९ साली रेडिओवरील भाषणात प्रतिपक्षाच्या मतास उद्देशून वापरला, आणि तोच पुढे रूढ झाला. निवाडा कशाने झाला? शास्त्रार्थाने नव्हे, बहुमतानेही नव्हे. आल्फर व हर्मन या दोघांनी १९४८ सालीच हिशेब करून ठेवला होता की, विश्व एके काळी अतितप्त असेल तर त्या उष्णतेचा अवशेष सुमारे पाच केल्विन तपमानाच्या प्रारणाच्या रूपाने आजही सर्वत्र पसरलेला असला पाहिजे. पुढे १९६४ साली अमेरिकेत पेंझियास व विल्सन यांना आपल्या यंत्रात एक गुरगुर ऐकू येऊ लागली. ती कोठूनही येत होती आणि कशानेही थांबत नव्हती. त्यांनी यंत्रात घरटे केलेली कबुतरे हाकलली, त्यांची घाण स्वतः साफ केली, गुरगुर तशीच. ती त्या आदिम उष्णतेची राख होती. तिचे तपमान आज २.७ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सियस, मोजले गेले आहे. आकडा पाचाचा पावणेतीन झाला, पण सांगितलेली वस्तू सापडली.

आमचा सगळा मुद्दा याच ठिकाणी आहे. शास्त्रज्ञाने आधी सांगितले आणि मग शोध लागला. आमच्या अभिमान्यांस मात्र शोध लागल्यावर पोथीत ओळ सापडते. १९६४ पूर्वी एकाही पोथीच्या आधारे कोणी म्हणाले नाही की, आकाशाच्या सर्व दिशांकडून अमुक तपमानाचे प्रारण येत असले पाहिजे, ते जाऊन शोधा. भाव चढल्यावर 'हा सौदा मी कालच केला होता' म्हणणारास बाजारात कोणी दलाली देत नाही.

या कथेचा एक धागा थेट आमच्या घरात येतो. हॉइलचे शिष्य व सहकारी जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांस अखेरपर्यंत पटला नाही. त्यांनी हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ साली पर्यायी सिद्धान्त मांडला. तो बहुतेक ज्योतिर्विदांनी स्वीकारला नाही, आणि आमच्या अल्प समजुतीप्रमाणे पुराव्याचे पारडे आज महास्फोटाकडेच झुकलेले आहे. परंतु विरुद्ध बाजूस उभे राहून त्यांनी काय केले? पोथीतील अनादि-अनंत विश्वाचा आधार मागितला असता तर टाळ्या पुष्कळ मिळाल्या असत्या. त्यांनी गणित मागितले, वेध मागितले, आणि मराठी मुलांसाठी सोप्या भाषेत लिहीत राहिले. बहुमताशी असहमत असूनही विज्ञानाच्या अंगणाबाहेर पाय न टाकणे, हे जितके अवघड तितकेच दुर्मिळ आहे.

कोणी म्हणेल, मग ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचे काय? दहाव्या मंडलातील ते सूक्त आम्हांसही अत्यंत प्रिय आहे, पण निराळ्या कारणाने. त्या ऋषीने उत्तर दिलेच नाही. हे सर्व कोठून आले ते कोणास ठाऊक, देवही मागाहून झाले, आणि वर बसून पाहणाऱ्यासही ते ठाऊक असेल किंवा नसेल, अशा शंकेवर त्याने सूक्त संपविले. एवढ्या प्रामाणिक अज्ञानाच्या कबुलीस आज महास्फोटाचा दाखला करून मिरविणे, हा त्या ऋषीचाच उपमर्द नव्हे काय? महास्फोटाच्या अगदी पहिल्या क्षणापूर्वी काय होते, हे आजचे विज्ञानही सांगू शकत नाही. प्रसरणाचा वेग मोजण्याच्या दोन पद्धती दोन निरनिराळे आकडे देतात, एक सुमारे ६७ आणि दुसरा सुमारे ७३, आणि तो तंटा अद्याप मिटलेला नाही. ते लपवीत मात्र कोणी नाही.

हा निव्वळ पंडितांचा वाद असता तर आम्ही एवढे लिहिते ना. पण यात मुलांचे नुकसान आहे. २०२३ साली केंद्रीय शिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला; ओझे कमी करण्याचे कारण सांगण्यात आले, आणि देशातील शेकडो शास्त्रज्ञांनी निषेध केला. पुस्तकातून एक प्रकरण जाते आणि व्यासपीठावरून 'सर्व काही आमच्याकडे होते' हे वाक्य येते. त्या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या मुलाने काय शिकावे? सर्व काही आधीच सांगितलेले असेल, तर त्याने रात्री गच्चीवर जाऊन आकाश पाहण्याचे कारणच उरत नाही.

आमच्या नगरांतील व्यापारी मंडळी उत्सवांस व व्याख्यानमालांस सढळ हाताने वर्गणी देतात. तिच्यातील एक व्याख्यान त्यांनी या विषयास द्यावे, आणि व्याख्यानानंतर निदान अर्धा तास प्रश्नांसाठी राखावा, अशी आमची विनंती आहे; प्रश्न मुलांचे असावेत, आणि उत्तर येत नसेल तर वक्त्याने तसे सांगावे. ज्यांस व्याख्यानांचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी नारायणगावाजवळील खोडद फार दूर नाही. तेथील महाकाय दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या शेतामळ्यांतून पसरल्या आहेत, आणि विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, ती पाहण्यास व विज्ञानप्रदर्शनास लोकांस मुभा असते. आसपासच्या खेड्यांतील मुले आपण केलेले प्रयोग घेऊन तेथे येतात. त्यांच्या टेबलांपाशी थोडा वेळ थांबावे, आणि ती विचारतील ते ऐकून घ्यावे.