नाणं पडलं का?

दोस्तांनो, फळ्यावरचं गणित संपलं की बाई विचारतात, "कळलं का रे?" आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "हो बाऽऽई!" त्यातले खरे 'हो' किती आणि खोटे किती, हे तुम्हांला पक्कं ठाऊक असतं. मलाही आहे. मी स्पॅनिश शिकायला गेलो तेव्हा चांगला घोडा झालो होतो, तरी हेच केलं.

आमच्या बाई होत्या चिलीच्या. चिली म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा तो मिरचीसारखा लांबोडका देश. (काढा नकाशा!) दर दोन वाक्यांनंतर बाई म्हणायच्या, "काचाइ?" मला वाटलं, खिडकीची काच फुटली की काय! शेवटी शेजाऱ्यानं कानात सांगितलं, "अरे, 'कळलं का?' म्हणतायत." मूळ क्रियापद 'काचार'. ते इंग्रजी 'कॅच'वरून आलं असं पुष्कळ जण मानतात. मेक्सिकोत तर चेंडू झेलण्यालाही काचारच म्हणतात. म्हणजे बाईंनी वाक्य फेकायचं आणि आपण झेलायचं. स्पेनमधली मुलं यासाठी 'पियार' वापरतात, म्हणजे पकडणं. त्यांच्या पकडापकडीच्या खेळाचं नावच मुळी 'पिया-पिया'! आपण नाही का म्हणत, "मुद्दा बरोब्बर पकडलास"?

आणि काहीच कळलं नाही तर? मग 'नी पापा'. पापा म्हणजे बटाटा. "मला बटाटासुद्धा कळला नाही!" आता यात बटाट्याचा काय दोष, ते विचारू नका. वर्गात ज्याचं लक्षच नाही, तो 'बाबियात' असतो. बाबिया हा स्पेनच्या उत्तरेकडचा खराखुरा डोंगराळ भाग आहे. जुने राजे तिथे आरामाला जायचे आणि दरबारात कुणी चौकशी केली की "महाराज बाबियात आहेत" असं उत्तर मिळायचं, अशी गोष्ट लोक सांगतात.

पण मला सगळ्यांत आवडतो तो मेक्सिकोचा वाक्प्रचार. एखादी गोष्ट उशिरा, पण एकदम लख्ख कळली की तिथे म्हणतात, "मे कायो एल बेइन्ते", माझं वीसचं पडलं! वीसचं म्हणजे वीस सेंताव्होचं नाणं. पूर्वी तिथल्या सार्वजनिक टेलिफोनमध्ये हे नाणं घालावं लागे. नंबर फिरवायचा आणि कान लावून थांबायचं. पलीकडून कुणी फोन उचलला की नाणं खट्‌कन आत पडे आणि बोलणं सुरू होई. तोवर नुसती घंटा! आपल्याकडेही दुकानाच्या कोपऱ्यात रुपयाचं नाणं टाकायचा फोन असे, आईबाबांना विचारा. मेक्सिकोतले ते फोन गेले, ते नाणंही चलनातून गेलं. तरी ज्यांनी ते कधी पाहिलं नाही, अशी मुलंसुद्धा "पडलं, पडलं!" म्हणतात. आपल्या 'ट्यूब पेटली'चं तसंच होणार बहुतेक. एलईडी दिवा बटण दाबताच लागतो. लुकलुकत, विचार करत पेटणारी ट्यूब घरात उरलीय कुठे?

तर, माझं वीसचं कसं पडलं ते ऐका. स्पॅनिशमध्ये 'आहे' दोन आहेत : 'सेर' आणि 'एस्तार'. बाईंनी अर्धा तास समजावलं. "काचाइ?" आम्ही माना डोलावल्या. मग बाईंनी मला विचारलं, "परीक्षेला तयार आहेस ना?" मी छाती काढून म्हणालो, "सोय लिस्तो!" बाई हसता हसता खुर्चीतच बसल्या. 'लिस्तो'बरोबर एस्तार घेतलं, तर 'मी तयार आहे'. सेर घेतलं, तर 'मी हुशार आहे'. मी नेमकं दुसरं बोललो होतो!

कान लाल झाले. पण मग म्हणालो एकदाचं, "नो काचे." नाही कळलं. लगेच मागून आणखी तीन आवाज आले, "नो काचे!" "नो काचे!" "नो काचे!" बाईंनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

माझं नाणं मात्र त्या दिवशीही नाही पडलं. चार दिवसांनी, बसमध्ये, तिकीट काढताना पडलं. खट्‌!