'जीवनशैली' कोणाची?

इंदिरानगरात राहणाऱ्याला अंबड औद्योगिक वसाहतीच्या पाळ्या घड्याळ न पाहताही कळतात. कंपन्यांच्या बसगाड्या कोपऱ्यावर थांबतात. रात्रपाळीचे चेहरे उतरतात, पहिल्या पाळीचे चढतात. यांच्यापैकी कोणाला चाळिशीच्या आत रक्तदाब वा मधुमेह जडला, की आपण सुशिक्षित मंडळी एक शब्द फेकून मोकळे होतो : 'जीवनशैलीचे आजार'. माझा आक्षेप या शब्दालाच आहे.

वर्गात आपण शैली म्हणजे काय सांगतो? उपलब्ध पर्यायांतून केलेली निवड. जिथे पर्याय नाही तिथे शैलीही नाही. मग आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराने झोपेची कोणती वेळ 'निवडली'? रात्रपाळीने शरीराचे आतले घड्याळ विस्कटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली अशा कामाला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम केल्याने २०१६ या एका वर्षात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने व हृदयविकाराने दगावली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली! आता 'रोज संध्याकाळी फिरायला जात जा' हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा?

"पण तंबाखू तर ते स्वतःच मळतात ना?" मळतात, आणि ती सुटलीच पाहिजे. परंतु पहाटे तीन वाजता यंत्रापुढे डुलकी लागली तर बोटे जातील, हे जाणणारा माणूस जेव्हा चिमूट दाढेखाली धरतो, तेव्हा तिला चैन म्हणणे हा निव्वळ उद्दामपणा आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कळवणे बंधनकारक केलेल्या आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा आली, सिलिकोसिस आला. रक्तदाब आणि मधुमेह आले नाहीत. यादीबाहेरचा आजार मग ज्याचा त्याचा खाजगी दोष ठरतो. त्या दोषारोपाला सभ्य नाव पुरवण्याचे काम आपली भाषा करते.

मराठीच्या प्राध्यापकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. शब्द कोणाचा दोष कोणाच्या माथी मारतो हे दाखवणे हेच तर आपले काम! 'जीवनशैलीचे आजार' याऐवजी एकदा 'कामाचे आजार' म्हणून पाहा. प्रत्येक आजार एकट्या कामातून येतो असे नव्हे. पण जबाबदारी लगेच मालकाच्या आणि शासनाच्या दारात जाऊन उभी राहते. कदाचित म्हणूनच तो शब्द रूढ होत नसावा.