संगणकाची देवडी

जुन्या वाड्यात शिरताना प्रथम देवडी लागते. आतील दिवाणखाना कितीही प्रशस्त असो, पाहुण्याची पहिली गाठ पडते ती पहारेकऱ्याशीच. त्याने नाव विचारावे, ओळख पटवून घ्यावी आणि योग्य दालनाची वाट दाखवावी. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात हेच काम करणारा एक लहानसा प्रोग्रॅम असतो. त्यास लॉगिन मॅनेजर म्हणतात. यंत्र सुरू होताच नाव व पासवर्ड मागणारा जो पडदा आपण पाहतो, तो याचाच. लिनक्समध्ये हा पहारेकरी आपला आपण निवडता येतो, आणि म्हणूनच तो कोणता असावा, हा वाद यंदा आमच्या संगणककक्षात रंगला आहे.

काहींचे म्हणणे असे, की देवडीच नको. चाळीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे पासवर्ड आठवण्यात का दवडावीत? या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. गतवर्षीपर्यंत आमच्याकडे हीच पद्धत होती; सारी शाळा एकाच खात्यात वावरत असे. परिणामी नववीतील एका मुलीने चार तास खपून टंकलेला निबंध पुढच्या तासाच्या मुलांनी आपल्या चित्रांसाठी जागा करताना पुसून टाकला. तिची आई निपाणीच्या अनेक घरांतल्याप्रमाणे विड्या वळते. घरी संगणक नाही, तेव्हा दुसरी प्रत कोठून असणार? पुसणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता; फाइल कोणाची, हेच त्यांस ठाऊक नव्हते. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांस स्वतंत्र खाते ही चैन वाटेल. त्या मुलीस ती चैन नव्हे. म्हणून देवडी हवीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पहारेकरी कोणता? हे घराणे तसे जुने आहे. १९८८ साली एक्स विंडो प्रणालीबरोबर एक्सडीएम आला, आणि पुढे प्रत्येक डेस्कटॉपने आपापला माणूस दारावर उभा केला. जीनोमचा जीडीएम, केडीईचा पूर्वी केडीएम होता, २०१४ नंतर एसडीडीएम आला. उबुंटूने २०११ साली लाइटडीएम स्वीकारला आणि २०१७ साली पुन्हा जीडीएमला बोलावले. एवढे मोठे लोकही दारावरचा माणूस बदलतात, तेव्हा आपणच संकोच का करावा? बदलणे कठीणही नाही. डेबियनमध्ये दोन-तीन मॅनेजर एकाच वेळी बसवून ठेवता येतात. दारावर उभा मात्र एकच राहतो, आणि तो कोणता हे एका आज्ञेने ठरविता येते.

जीडीएम दिसावयास देखणा, आणि वेलँड या नव्या पद्धतीस अधिक सरावलेला. परंतु नुसता पासवर्ड विचारण्यासाठी तो जीनोम शेल हा सारा लवाजमा उभा करतो. आमच्या जुन्या संगणकांस तो भार पेलत नाही. शिवाय आम्ही माटे हा हलका डेस्कटॉप वापरतो. (हे आपल्याकडचे आडनाव नव्हे; दक्षिण अमेरिकेतील एका पेयावरून ते घेतले आहे.) माटेशी लाइटडीएमचे चांगले जुळते.

तथापि माझा खरा मुद्दा भाषेचा आहे. आपल्या भागातील विद्यार्थी मराठीतून विषय शिकतो, कन्नड भाषा म्हणून शिकतो आणि इंग्रजीही शिकतो. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांना संगणक दोन भाषांत हवा असू शकतो. लाइटडीएमच्या साध्या पडद्यावर भाषांची यादी ठेवता येते. त्या भाषा यंत्रावर आधी बसविल्या म्हणजे झाले. एकदा मराठी अथवा कन्नड निवडली, की ज्याच्या त्याच्या खात्यापुरती ती निवड लक्षात राहते. हल्लीच्या जीडीएमच्या पडद्यावर कीबोर्ड बदलता येतो, भाषेची यादी मात्र नाही. भाषांतर अपुरे असल्याने मधूनच इंग्रजी शब्द डोकावतात, हे कबूल. म्हणून यादीच नको असे होत नाही. सी-डॅकने २००७ साली डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली काढली, ती भारतीय भाषांसाठीच. इनस्क्रिप्ट कळफलकाचीही अशीच मौज आहे: ज्या कळीवर मराठी क, त्याच कळीवर कन्नड क. एका लिपीत बोटे बसली, की दुसरीची अर्धी वाट सरलेली असते.

याच कळफलकाने आमची एकदा भलतीच फजिती केली. देवडीवरचा कीबोर्ड कोणी मराठीवर ठेवून गेले होते. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके उमटतात, त्यामुळे आपण देवनागरीत टंकतो आहोत हे कोणासच कळेना. तिघांनी "यंत्र बिघडले" असे सांगून तास सोडला! तेव्हा भाषा कोणतीही असो, पासवर्डपुरता कीबोर्ड इंग्रजीच ठेवावा आणि तो कोणता आहे हे पडद्याच्या कोपऱ्यात ठळक दिसावे.

राहिला नावांचा प्रश्न. सर्व विद्यार्थ्यांची नावे पडद्यावर ओळीने मांडली, तर आपले नाव शोधण्यातच तास संपेल, आणि दुसऱ्याच्या नावावर बोट ठेवण्याचा मोहही होईल. लाइटडीएममध्ये ही यादी झाकता येते. आठवीपासून पुढच्यांनी तुकडी व हजेरीक्रमांक स्वतः टंकावा. पाचवीच्या मुलांस हे जड जाईल. त्यांच्या तासांसाठी दोन संगणक वेगळे काढून तेथे यादी उघडी ठेवावी. उन्हाळी सुटीत हा प्रयोग करून पाहण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे, आणि ती मिळाल्यास पहिले खाते कोणाच्या नावाने उघडावयाचे, हे आम्ही आधीच ठरवून ठेविले आहे.