आधी टर्मिनल पाहा, मग बॅटरी बदला

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी सातारा-सांगलीत ती अजून धंद्याला जुंपलेली दिसते. सकाळी गाडी सुरू झाली नाही की आपले व्यापारी लगेच नवी बॅटरी घेतात. हे चूक आहे. आधी वायरी काढून टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवा, पुसा, घट्ट आवळा. इंजिन चालू असताना मीटरवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसत नसतील, तर दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा. खंबाटकी घाटात इंजिन तापले, तर रेडिएटरचे झाकण थंड होईपर्यंत उघडू नका. ब्रेकचे काम मात्र मिस्त्रीकडेच द्या.

मिस्त्रीबंधूंनो, काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्या. गाडी आपल्याकडे अमानत असते. बरकत इमानदारीतच आहे.