ऐकण्यासाठी प्रक्षेपक कशाला?

सूर्यावर ज्वाला उसळली आणि लघुलहरींवरील संदेशवहन खंडित झाले, अशी बातमी आली की एखादा जिज्ञासू विद्यार्थी विचारतो : हे स्वतः ऐकायचे तर काय घ्यावे? जाणकार म्हणवणारे त्याला तत्काळ हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, ट्रान्सीव्हर सुचवतात. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याचा भुर्दंड त्या विद्यार्थ्याला बसतो.

ट्रान्सीव्हर म्हणजे रिसीव्हर आणि प्रक्षेपक एकाच पेटीत. आयकॉमचा आयसी-७३०० हे त्याचे परिचित उदाहरण. त्याचा रिसीव्हर ३ ते ३० मेगाहर्ट्झचा संपूर्ण लघुलहरी पट्टा उत्तम ऐकवतो, हे मान्य. परंतु किंमत लाखाच्या घरात, आणि त्यात १०० वॅटचा प्रक्षेपक आला, ज्याला नुसत्या श्रोत्याने हातही लावायचा नाही. शिवाय १९३३च्या बिनतारी कायद्यापासून आपल्याकडे असा संच परवान्यावाचून बाळगणेही नियमबाह्य आहे. ‘मी फक्त ऐकतो’ ही सबब तेथे चालत नाही.

काहीजण मग स्वस्त म्हणून हातातला वॉकीटॉकीसदृश संच सुचवतात. तो साधारणतः १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. लघुलहरी ३० मेगाहर्ट्झलाच संपतात. त्यावर त्या कशा ऐकू येणार?

मूळ प्रमाद मात्र विज्ञानाचा आहे. लघुलहरींच्या बहुतांश पट्ट्यात रिसीव्हरच्या अंतर्गत गोंगाटापेक्षा बाहेरून येणारा गोंगाट अधिक असतो : विजांचा, एलईडी दिव्यांचा, चार्जरचा, सौर इन्व्हर्टरचा. अशा ठिकाणी महाग रिसीव्हर तोच गोंगाट अधिक नेटकेपणाने ऐकवील. खात्री करायची असेल, तर घराचा मुख्य स्विच बंद करून बॅटरीवरचा रेडिओ ऐका. खरखर ओसरली, तर दोष घरातल्याच उपकरणांचा आहे.

म्हणून पैसे खर्चायचे असतील तर आधी अँटेनावर. दहा-पंधरा मीटर तांब्याची तार, विजेच्या तारांपासून सुरक्षित अंतरावर, शक्य तितकी उंच. आणि वादळात ती रेडिओपासून अलग करण्याची शिस्त. जोडीला एकपार्श्वपट्टी, म्हणजे एसएसबी, उलगडणारा साधा रिसीव्हर. ट्रान्सीव्हरच्या दशांश खर्चात हे जमते.

‘आता ऐकण्यासारखे उरले काय?’ असा प्रश्न येईल. बीबीसीची हिंदी सेवा जानेवारी २०२० अखेर लघुलहरींवरून थांबली, हे खरे. तरीही ७ आणि १४ मेगाहर्ट्झवर हॅम मंडळी बोलतात, परदेशी केंद्रेही लागतात. सौरज्वालेचे क्ष-किरण सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. आयनांबराचा डी थर अधिक आयनीभूत होऊन लघुलहरी शोषतो आणि भरदुपारी लागलेली केंद्रे विरून जातात. हे टिपायला कान, घड्याळ आणि वही पुरेशी आहे.

‘उद्या परवाना मिळाला की ट्रान्सीव्हर कामी येईल,’ हा हॅम मित्रांचा युक्तिवाद. मग तो उद्याच घ्यावा! वर्षभर ऐकल्यावर कोणता संच हवा हे त्याचे त्यालाच कळेल. आज लाखाचा आकडा सांगून आपण गावातल्या शाळेतल्या मुलाला दारातूनच परत पाठवतो, आणि नंतर हौशी रेडिओकडे नवी पिढी वळत नाही म्हणून हळहळतो.