जुना ट्रॅक्टर पुन्हा चालता करताना

१९६५ पासून मुंबईत बनू लागलेला बी-२७५ आणि १९७१ पासून एचएमटीच्या पिंजोर कारखान्यात झेटॉरच्या तंत्रावर तयार झालेला २५ अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरचा २५११ हे दोन्ही जुने ट्रॅक्टर इतके साध्या रचनेचे आहेत की त्यांची बरीच दुरुस्ती घरच्या अंगणातही होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याच्या ऊस-केळीच्या पट्ट्यात असे यंत्र वर्षानुवर्षे उभे राहिले असेल, तर आधी इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. जाम इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढण्याची घाई सर्वांत महागात पडते. रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापेक्षा नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, मग फ्लायव्हील हळूहळू दोन्ही बाजूंना हलवावे. इंजिन मोकळे झाले की टाकी धुवावी, फिल्टर बदलावा आणि लाइनीतली हवा काढावी: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून अखंड धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. काळ्या मातीच्या धुळीने एअर क्लीनरच्या वाटीतले तेल गाळासारखे घट्ट होते. ते बदलले नाही, तर नवे लायनर-पिस्टनही लवकर झिजतात. नोझल आणि इंजेक्शन पंप मात्र घरी उघडू नयेत, त्यांची जुळणी टेस्टिंग मशिनवरच होते. रंगकाम शेवटी: गंज घासून रेड ऑक्साइड, त्यावर इनॅमल.