गिरफ्त, संयुजा, व्हॅलन्सी

दहावीचा निकाल लागला की क्रांती चौकाच्या आसपास नवे फलक चढतात. जालना रोडवर, उस्मानपुऱ्याच्या वळणावर, पैठण गेटकडे जाताना, जिकडे पाहावे तिकडे नीट आणि जेईईचे क्लास आणि गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो. याच दिवसांत पालकांकडून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलगी हुशार आहे, टक्के चांगले आहेत, पण "मला केमिस्ट्री जमणार नाही" म्हणते. सायन्सला घालावे की नाही? बऱ्याच घरांत याचे उत्तर आधीच ठरलेले असते. मुलगा असेल तर "क्लास लावू, होईल सगळे", आणि मुलगी असेल तर "जमत नाही म्हणतेय ना, मग आर्ट्स घे". मुलीच्या बाबतीत उत्तर जरा लवकरच मिळते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

आमचे म्हणणे एवढेच आहे की निर्णय घेण्याआधी त्या मुलीला एक प्रश्न विचारावा. सोडियमची संयुजा एक का? किती आहे ते विचारू नका, का आहे ते विचारा.

किती आहे ते सगळ्यांना पाठ असते. आठवीत तक्ता मिळतो: सोडियम एक, कॅल्शियम दोन, ॲल्युमिनियम तीन. तो पाठ करायचा, तिरकस गुणाकार करायचा, रेणुसूत्र लिहायचे आणि गुण घ्यायचे. मग अकरावीच्या पुस्तकात चौथा धडा अणूच्या रचनेचा आणि पाचवा रासायनिक बंधांचा येतो, तोही इंग्रजीत, आणि तिथे तक्ता कामाला येत नाही. मूल म्हणते केमिस्ट्री अवघड आहे. खरे तर केमिस्ट्री अजून सुरूच झालेली नसते. आठवीतला "अणूचे अंतरंग" हा एक धडा कच्चा राहिलेला असतो, इतकेच.

तो धडा घरी भरून काढता येतो. आधी अणू केवढा रिकामा आहे ते पाहू. अणुकेंद्रक काबुली चण्याएवढे, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरचे मानले आणि तो चणा क्रांती चौकात मधोमध ठेवला, तर अणू संपायला चारी दिशांना अर्धा-अर्धा किलोमीटर चालत जावे लागेल. अणूचे जवळजवळ सगळे वजन त्या चण्यात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या रूपात. बाकी एवढ्या जागेत फक्त इलेक्ट्रॉन. आणि रसायनशास्त्रातला सगळा देण्याघेण्याचा व्यवहार त्या अर्ध्या किलोमीटरच्या टोकाला, सर्वांत बाहेरच्या कवचात चालतो. चण्याला त्याचा धक्काही लागत नाही.

सोडियमचे इलेक्ट्रॉन अकरा. ते कवचांत २, ८, १ असे बसतात. क्लोरीनचे सतरा: २, ८, ७. बाहेरच्या कवचात आठ झाले की अणू स्थिर होतो. निऑन, अरगॉन हे वायू कोणाशी सहसा संयोग करत नाहीत ते त्यामुळेच. आता सोडियमला सात मिळवण्यापेक्षा एक देऊन टाकणे सोपे, आणि क्लोरीनला सात देण्यापेक्षा एक घेणे सोपे. म्हणून दोघांची संयुजा एक. देणारा धनप्रभारित होतो, घेणारा ऋणप्रभारित, आणि दोघे एकमेकांना धरून बसतात. हेच आपले मीठ. यात पाठ करण्यासारखे काही नाही. कॅल्शियमचे इलेक्ट्रॉन वीस, मांडणी २, ८, ८, २. त्याची संयुजा दोन का, हे मुलाने आता स्वतः सांगावे. आपल्या शहरात बोअरच्या पाण्याने गीझर आणि बादल्यांवर जो पांढरा थर धरतो, त्यात मुख्यतः हाच कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असतो. तक्त्यातला कॅल्शियम रोज ब्रशने घासतो आहोत, हे मुलांना सांगितले की ती हसतात, आणि मग विसरत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात कोणी देत नाही, कोणी घेत नाही. दोघे मिळून वापरतात. पाण्यात ऑक्सिजनच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन, त्याला दोन हवेत. हायड्रोजनकडे एकच, त्याला आणखी एक हवा, कारण त्याच्या पहिल्या कवचात दोनच मावतात. मग एका ऑक्सिजनबरोबर दोन हायड्रोजन, आणि प्रत्येक जोडी दोघांच्या मालकीची. अशी सामाईक जोडी म्हणजे बंध, ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. इलेक्ट्रॉन सापडून तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षे झाली होती.

दोन्ही बंधांतला फरक स्वयंपाकघरात पाहता येतो. तव्यावर एका बाजूला चिमूटभर साखर, दुसऱ्या बाजूला चिमूटभर मीठ ठेवा. मोठ्यांनी जवळ उभे राहावे. साखर थोड्या वेळात विरघळल्यासारखी होऊन तांबूस होते. मीठ तडतडेल फार तर, पण वितळणार नाही. त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, आणि आपल्या तव्याची तेवढी ऐपत नाही. साखरेचे रेणू एकमेकांना सैलसर धरून असतात, तर मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी घट्ट वीण असते. तिसरा प्रकार धातूंचा. तिथे बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे न राहता सगळ्यांत फिरतात, म्हणून तांब्याची तार वीज वाहते. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता शब्दांकडे येऊ, कारण अर्धी भीती शब्दांची असते. आमच्या वाचकांच्या घरांत एकाच छताखाली तीन माध्यमे नांदतात. भाईजान उर्दू शाळेत शिकलेले, आपा मराठी शाळेत, धाकटा सेमी इंग्लिशला. एक जण जौहर म्हणतो, दुसरी अणू, तिसरा ॲटम. एकाला गिरफ्त माहीत, दुसरीला संयुजा, तिसऱ्याला व्हॅलन्सी. आम्हाला वाटते ही अडचण नाही, सोय आहे. उर्दू पुस्तकातली "गिरफ्त" म्हणजे सरळ पकड. एका अणूची पकड किती, हेच तर संयुजेचे उत्तर. आणि सहसंयुज बंधाला तिथे "शरीक गिरफ्त" म्हणतात, म्हणजे सामाईक पकड. लुईस यांची कल्पना दोन शब्दांत आली. इंग्रजीतला "कोव्हॅलंट" हा शब्द मुलाला याहून जास्त काहीच सांगत नाही.

हे शब्द घडवण्याच्या कामात आपल्या शहराचाही वाटा आहे. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ मध्ये हैदराबादला भाषांतर विभाग, दारुत्तर्जुमा, सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक यांनी त्याआधीच अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय औरंगाबादला आणले होते. शास्त्रीय संज्ञा कशा घडवाव्यात यावर वहीदुद्दीन सलीम यांचा "वज़ए इस्तिलाहात" हा ग्रंथ अंजुमनने १९२१ मध्ये काढला. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक हे सगळे आपल्या भाषेत पदवीपर्यंत शिकवायचे, यासाठी ही खटपट होती.

चिन्हांचेही तसेच. सोडियमचे चिन्ह "एनए" आणि पोटॅशियमचे "के" का, म्हणून मुले वैतागतात. पहिले "नेट्रियम"वरून, त्याच्या मुळाशी नत्रून हा खार आहे, आणि हे नाव अरबीतही तेच आहे. दुसरे "कॅलियम"वरून, आणि ते आले अरबी "अल-क़ल्या"वरून, म्हणजे वनस्पतींची राख. "अल्कली" हा शब्दही तिथलाच.

एक इशारा मात्र द्यायला हवा. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे इलेक्ट्रॉन काढलेले चित्र नील्स बोर यांच्या १९१३ च्या कल्पनेवर आधारलेले आहे. अकरावीत ते बदलते. इलेक्ट्रॉन नेमका कुठे हे न सांगता तो कुठे सापडण्याची शक्यता जास्त, हे सांगितले जाते. आठचा नियमही काही संयुगांत मोडतो. मुलांना तेव्हा फसवल्यासारखे वाटते. त्यांना आधीच सांगून ठेवावे की पहिला नकाशा शहरात फिरण्यापुरता होता, आता गल्ल्यांचा नकाशा हाती येतो आहे.

पालकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. नीट परीक्षा मराठीतून देता येते आणि २०१८ पासून उर्दूतूनही. पण ज्युनिअर कॉलेजात शिकवणे इंग्रजीतच असते. म्हणून कोणत्याही क्लासची फी भरण्यापूर्वी, निकाल आणि प्रवेश यांच्यामधल्या सुट्टीत मुलाकडून एक वही करून घ्या: पहिल्या वीस मूलद्रव्यांची नावे तिन्ही भाषांत, इलेक्ट्रॉनची मांडणी आणि त्यावरून स्वतः काढलेली संयुजा. रोज दोन मूलद्रव्ये घेतली तर दहा दिवसांचे काम आहे, खर्च एका वहीचा. अम्मीला केमिस्ट्री येत नसली तरी चालेल, तिने समोर बसून फक्त "का?" विचारावे. वही पूर्ण झाल्यावर मुलगी म्हणाली की मला हे आवडत नाही, तर आर्ट्स जरूर घ्यावे. त्या शाखेतही हुशार मुली हव्याच आहेत. पण वहीची पाने भरताना ती तुम्हालाच पोटॅशियमचे समजावून सांगू लागली, तर प्रवेशाच्या फॉर्मवर विज्ञान लिहायला कचरू नका.

पुढच्या अंकात मोल: तांदळाचे दाणे न मोजता पोते कसे मोजायचे, तो हिशेब.